तास सुरू असताना फोन कुठे?

मित्रांनो, हा लेख पुढे वाचण्याआधी एक कागद, पेन्सिल आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ घेऊन बसा. वेळ मोजायला ताई, दादा, आजोबा, जो कुणी मोकळा असेल त्याला बोलवा. आपल्याला एक छोटासा प्रयोग करायचा आहे.

आधी १ ते २० अंक ओळीने लिहा. ते संपले, की त्यांच्याखाली ‘क’पासून ‘न’पर्यंतची वीस अक्षरं लिहा. किती सेकंद लागले ते मांडून ठेवा. आता दुसरी फेरी. या वेळी अंक आणि अक्षरं आळीपाळीने लिहायची. १, क, २, ख, ३, ग... असं करत करत २० आणि ‘न’पर्यंत पोचायचं. पुन्हा वेळ मोजा.

काय झालं? दोन्ही फेऱ्यांत लिहायचं होतं तेवढंच. तरी दुसऱ्या फेरीला बहुतेकांना बराच जास्त वेळ लागतो. कुणी ‘ढ’पाशी अडतं, कुणी १४ दोनदा लिहितं. असं का होतं बरं? कारण आपला मेंदू अंक आणि अक्षरं ही दोन कामं एकाच वेळी करत नाही. तो एकावरून दुसऱ्यावर उडी मारतो आणि परत येतो. प्रत्येक उडीला थोडा वेळ आणि थोडी शक्ती खर्च होते. एक उडी म्हणजे काहीच नाही. पण अशा चाळीस उड्या झाल्या, की दमछाक होते!

आता कल्पना करा. गणिताचा तास चालू आहे. बाई फळ्यावर प्रमेयाची तिसरी पायरी लिहिताहेत. तेवढ्यात दप्तरात काहीतरी थरथरतं. मेसेज! कुणाचा असेल? तुम्ही फोन काढतसुद्धा नाही. नुसतं मनात येतं, की शनिवारच्या मॅचचं ठरलं वाटतं. झाली उडी! परत फळ्याकडे पाहता, तर बाई पाचव्या पायरीवर. चौथी कुठून आली ते कळत नाही आणि मग पाचवीही कळत नाही. मेसेज आला दोन सेकंदांचा, पण तास गेला तो गेलाच.

अष्टावधानी व्हायचंय?

“पण मला जमतं हो दोन्हीकडे लक्ष द्यायला!” असं तुमच्यापैकी कुणीतरी म्हणणारच. एका वेळी अनेक व्याप सांभाळणाऱ्या माणसाला आपण मराठीत ‘अष्टावधानी’ म्हणतो. हा शब्द एका खऱ्याखुऱ्या कलेवरून आला आहे, बरं का! अवधान म्हणजे लक्ष. तेलुगू, कन्नड आणि संस्कृत पंडितांमध्ये अवधानाचे कार्यक्रम पूर्वीपासून होतात आणि आजही होतात. मध्ये एक पंडित बसतो आणि त्याच्याभोवती आठ प्रश्नकर्ते. कुणी श्लोक रचायला सांगतो, कुणी एखादं अक्षर वापरायलाच बंदी करतो, कुणी मध्येच घंटा वाजवतो आणि शेवटी विचारतो, “किती टोले झाले?” पंडिताने हे सगळं ध्यानात ठेवून उत्तरं द्यायची.

यातली गंमत पुढेच आहे. या आठांपैकी एकाचं कामच असतं पंडिताचं लक्ष उडवण्याचं. तो भलतेसलते, मजेदार प्रश्न विचारून त्याला रुळावरून खाली उतरवू पाहतो. या प्रकाराला ‘अप्रस्तुतप्रसंग’ असं नाव आहे. म्हणजे मोठमोठ्या पंडितांनासुद्धा, वर्षानुवर्षांची साधना असूनही, असा एक अडथळा ही परीक्षाच वाटते. आणि आपण? आपण तर अप्रस्तुतप्रसंगवाल्याला रोज खिशात घालून वर्गात नेतो, कसली साधना न करता!

न वाजताही बोलणारा फोन

बरं, फोन बंद करून ठेवला तर? अमेरिकेत टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये असाच एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी विद्यार्थ्यांना डोकं चालवायला लावणाऱ्या चाचण्या दिल्या. काहींनी आपला फोन समोर टेबलावर पालथा ठेवायचा होता, काहींनी खिशात किंवा पिशवीत, तर काहींनी चक्क दुसऱ्या खोलीत. फोन वाजण्याचा प्रश्नच नव्हता, सगळे मुके करून ठेवलेले होते. निकाल काय लागला असेल? ज्यांचे फोन दुसऱ्या खोलीत होते त्यांना चाचणी सर्वांत चांगली जमली, आणि ज्यांचे टेबलावर होते त्यांना सर्वांत कमी. आणखी मजा म्हणजे, “फोनचा विचार तुमच्या मनात आला का?” असं विचारल्यावर बहुतेकजण म्हणाले, “छे! मुळीच नाही.”

पुढे इतरांनी असे प्रयोग पुन्हा करून पाहिले, तेव्हा सगळ्यांना सारखंच उत्तर मिळालं नाही. काहींना फरक अगदी थोडा दिसला, काहींना दिसलाच नाही. विज्ञानात असं होतं, आणि ते चांगलंच आहे. त्यातून प्रश्न आणखी नीट विचारता येतो. पण एक गोष्ट तुमची तुम्हालाही पडताळून पाहता येईल. एक दिवस फोन शेजारी ठेवून अभ्यास करा, दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्या खोलीत ठेवून करा. किती वेळा हात फोनकडे गेला, ते मोजा.

शेजारच्या बाकावरचा फोन

आता जरा वेगळा विचार करू. समजा, तुम्ही फोन नेतच नाही. आपल्याकडच्या बऱ्याच शाळांत तो न्यायला मनाईच असते. मग तुम्ही सुटलात का?

‘पिसा’ नावाची एक आंतरराष्ट्रीय चाचणी आहे. पंधरा वर्षांच्या मुलांना गणित, वाचन, विज्ञान कितपत येतं ते ती पाहते. २०२२ च्या फेरीत ८१ देश आणि प्रदेशांतली मुलं होती. भारत त्यात नव्हता. त्या मुलांना विचारलं होतं, की गणिताच्या तासाला फोन, टॅबलेट अशा उपकरणांमुळे लक्ष उडतं का? विकसित देशांच्या सरासरीत ६५ टक्के मुलांनी सांगितलं, की निदान काही तासांना तरी आपल्याच उपकरणामुळे उडतं. आणि ५९ टक्के मुलं म्हणाली, की दुसऱ्याच्या उपकरणामुळे उडतं. दुसऱ्याच्या, बरं का! शेजारची मुलगी बाकाखाली व्हिडिओ पाहून खुदकन हसते, मागचा मुलगा कुजबुजतो, “अरे, हे बघ,” आणि तुमची नजर वळते. तुमचा स्वतःचा फोन घरी कपाटात असला, तरी!

इथेच या सगळ्या प्रकरणाची खरी गोम आहे. आपण म्हणतो, “अमक्याचा फोन, अमक्याचा प्रश्न.” पण लक्ष ही वर्गातल्या पंख्याच्या वाऱ्यासारखी गोष्ट आहे. ती सगळ्यांची मिळून असते. एकाने पंखा बंद केला, की सगळ्यांनाच उकडतं.

त्यात आणखी एक अडचण आहे. समजा, तुम्ही एकट्यानेच ठरवलं, की संध्याकाळी सात ते नऊ फोन बंद. पण वर्गाचा ग्रुप तर चालूच आहे! सगळे गप्पा मारताहेत, थट्टा चालली आहे, सहलीचं ठरतं आहे, आणि तुम्हाला उद्या वर्गात गेल्यावर काही कळणारच नाही. मग निश्चय टिकतो का? साडेसातला फोन हातात. यात तुमचा मनोनिग्रह कमी पडला असं नाही. एकट्याने थांबणं अवघडच असतं.

शिवाय फोनमधली ॲप बनवणारी माणसं काही कच्च्या गुरूची चेली नाहीत. पूर्वी स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. कळीवर चोच मारली, की दाणा. दाणा प्रत्येक वेळी न देता कधी मिळेल, कधी नाही असं ठेवलं, की कबुतर चोच मारायचं थांबतच नसे. आता पाहा, फोन उघडला की कधी छान मेसेज असतो, कधी काहीच नसतं. म्हणून आपण पुन्हा उघडतो. पुस्तकाचं पान संपतं, मासिकाचा अंक संपतो, पण बोटाने सरकवायची ती यादी काही संपत नाही. ही न संपणारी यादी अझा रॅस्किन यांनी २००६ मध्ये तयार केली. पुढे त्यांनी स्वतःच जाहीरपणे त्याबद्दल खेद व्यक्त केला. तेव्हा ‘मुलं वाया चालली’ असं म्हणण्याआधी मोठ्यांनी हेही लक्षात घ्यायला हवं.

देशोदेशीचे नियम

जगभरच्या शाळांनी यावर काय केलं? फ्रान्सने २०१८ मध्ये कायदाच केला. साधारण पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांनी शाळेत फोन वापरायचा नाही, अगदी मधल्या सुट्टीतही नाही. नेदरलँड्सने जरा वेगळी वाट धरली. तिथे सरकार, शाळा, शिक्षक, पालक यांच्या संघटनांनी बसून ठरवलं, आणि १ जानेवारी २०२४ पासून माध्यमिक शाळांच्या वर्गांतून फोन बाहेर गेले. पण फोन नेमका कुठे ठेवायचा, घरी, कपाटात की आणखी कुठे, हे प्रत्येक शाळेने आपल्या शिक्षक, पालक आणि विद्यार्थ्यांशी बोलून ठरवायचं. ज्यांना आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे उपकरण लागतं, त्यांना सूट. तासालाच फोनचा उपयोग असेल, तर तेवढ्यापुरता चालेल. ब्राझीलने जानेवारी २०२५ मध्ये कायदा केला. दक्षिण कोरियाने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून तो मार्च २०२६ पासून लागू करायचं ठरवलं.

फोन ठेवण्याच्या युक्त्याही नाना प्रकारच्या. कुठे दाराशी कप्प्याकप्प्यांची कापडी पिशवी टांगलेली असते, प्रत्येक कप्प्यावर हजेरीचा क्रमांक. कुठे कुलूपबंद खण. कुठे चुंबकाने बंद होणारी पिशवी. फोन आपल्याजवळच राहतो, पण शाळा सुटताना ठरलेल्या ठिकाणी चुंबकाला लावल्याशिवाय पिशवी उघडत नाही.

मग फायदा झाला का? इथे ‘हो’ किंवा ‘नाही’ असं एका शब्दात उत्तर देता येत नाही. दोन अभ्यासकांनी २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या ९१ शाळांची माहिती तपासली. फोनबंदीनंतर परीक्षेतले गुण थोडे वाढले होते. पण खरी वाढ कुणाची? जी मुलं अभ्यासात मागे होती त्यांची! पुढे असलेल्यांना फारसा फरक पडला नव्हता. याचा अर्थ असा, की वर्गात लक्ष उडण्याची सर्वांत जास्त किंमत ज्याला आधीच कठीण जातं तो मोजतो. स्वीडनमध्ये मात्र असाच अभ्यास केला, तेव्हा गुणांत काहीच फरक आढळला नाही.

आणि २०२५ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाने तीस शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कडक नियमांच्या शाळांत मुलं शाळेच्या वेळेत फोन कमी वापरत होती. पण दिवसभराचा एकूण वापर? तो जवळजवळ तेवढाच! मुलांच्या मनःस्वास्थ्यातही फरक दिसला नाही. म्हणजे शाळेने दाराशी काढून घेतलेला फोन घरी गेल्यावर भरपाई करून घेत होता.

मग शाळेने नियम करूच नये का? करावा. तासाला फोन नको, हे खरंच आहे. पण नुसता शाळेचा नियम पुरत नाही. शाळेच्या फाटकाबाहेरही कुणीतरी हात द्यायला हवा. तो कसा देता येतो, हे पाहायला आपल्याला परदेशी जायची गरज नाही. थेट सांगली जिल्ह्यात जाऊ या.

सात वाजताचा भोंगा

कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. लोकवस्ती सुमारे तीन हजार. करोनाच्या काळात शाळा बंद होत्या, तेव्हा तिथल्याही मुलांचे तास फोनवर झाले. पुढे शाळा उघडल्या, पण हातातला फोन काही सुटेना. वर्गात मुलांचं लक्ष लागत नाही, अशी शिक्षकांची तक्रार येऊ लागली.

तेव्हाचे सरपंच विजय मोहिते आणि ग्रामपंचायतीने एक कल्पना मांडली. रोज संध्याकाळी ठरावीक वेळ सगळ्या गावाने फोन आणि टीव्ही बंद ठेवायचे. सुरुवातीला पुरुष मंडळींनी ती हसण्यावारी नेली. मग गावातल्या बायकांची सभा बोलावली. त्यांनी मोकळेपणाने सांगितलं, की आम्हालाही मालिकांची सवय जडते आहे, तेव्हा बंद करायचं तर सगळ्या गावानेच करू या. आणि ऑगस्ट २०२२ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, गावात उपक्रम सुरू झाला. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजायचा. फोन बंद, टीव्ही बंद! मुलं पुस्तकं उघडायची, मोठी माणसं वाचायची नाहीतर बोलत बसायची. साडेआठला दुसरा भोंगा झाला, की पुन्हा सगळं सुरू.

या भोंग्यात जादू कसली होती? कुलूप नव्हतं, चुंबक नव्हतं. होतं ते एवढंच, की सगळे एकदम थांबत. मित्रही बंद, मैत्रीणही बंद, बाबांचाही फोन बंद. मग ग्रुपवर आपलं काही चुकेल अशी धास्तीच नाही, कारण तिथे कुणी नाहीच! एकट्याला जड जाणारी गोष्ट सगळ्यांनी मिळून उचलली, की हलकी होते.

फोन काही शत्रू नाही

कुणी म्हणेल, “मग फोन वाईटच म्हणायचा!” मुळीच नाही. बालभारतीच्या पुस्तकांवर छापलेला क्यूआर कोड फोनने टिपला, की ‘दीक्षा’ ॲपवर त्या धड्याची जास्तीची माहिती उघडते. एखादा शब्द अडला, नकाशा पाहायचा असला, पक्ष्याचा आवाज ऐकायचा असला, तर फोनसारखा सोबती नाही.

पण आपण तो कशासाठी वापरतो, हेही प्रामाणिकपणे पाहायला हवं. ‘असर’ हा अहवाल ग्रामीण भारतातल्या मुलांची पाहणी करतो. २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांतल्या ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो शिक्षणाशी संबंधित कशासाठी तरी वापरला होता आणि ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. म्हणजे फोनला दोन्ही कामं येतात. कुठलं काम केव्हा, हे आपण ठरवायचं, त्याने नाही.

वर्गाचा करार

आता तुम्ही काय करू शकाल? एक वर्गसभा भरवा. वर्गशिक्षकांनाही बोलवा आणि पुढच्या गोष्टींवर बोलून एक करार तयार करा.

१. जागा ठरवा. फोन आणायचाच नाही, की आणला तर कार्यालयात द्यायचा? लांबून बसने येणाऱ्यांचं काय? ‘खिशात, पण बंद’ हा मार्ग सर्वांत कच्चा, कारण हात तिथे आपोआप जातो.

२. नियम सगळ्यांना सारखा. तासाला सरांचा आणि बाईंचा फोनही त्याच कप्प्यात. हे अदबीने सुचवायला काहीच हरकत नाही.

३. सूट कुणाला, ते आधीच ठरवा. कुणाचं श्रवणयंत्र फोनला जोडलेलं असेल, कुणाला साखर तपासण्यासाठी तो लागत असेल. त्यावरून कुणाला चिडवायचं नाही.

४. मोडला तर काय, हेही लिहून ठेवा. नाहीतर तासातली दहा मिनिटं “दे इकडे” आणि “नाही देणार” यातच जातात. मग शिक्षक शिकवायचे सोडून पोलीस होतात.

५. वहीच्या शेवटच्या पानावर ‘नंतर’ असं लिहा. तासाला मध्येच काही आठवलं, ‘हिला विचारायचं’, ‘तो स्कोअर पाहायचा’, की तिथे दोन शब्द लिहून टाका. लिहिलं की डोक्यावरचं ओझं उतरतं.

६. ग्रुपची वेळ ठरवा. संध्याकाळी अमुक ते अमुक वर्गाचा ग्रुप बंद. तुमचा सगळ्यांचा मिळून एक भोंगा!

आई-बाबांसाठी दोन शब्द

पालकहो, आता तुमच्याशी. पुष्कळदा वर्गात वाजणाऱ्या फोनवर तुमचंच नाव असतं. “डबा खाल्लास का?”, “येताना दूध आण”. काळजीपोटीच केलेला मेसेज, पण तो पोचतो भूगोलाच्या तासाला! खरंच तातडीचं असेल, तर शाळेच्या कार्यालयात फोन करा. शाळेनेही तो निरोप मुलाला लगेच पोचवण्याची हमी द्यावी. तशी हमी असेल, तरच पालक निर्धास्त राहतील.

आणि एक विनंती. मुलाचा फोन काढून घेऊन आपण मात्र जेवताना आपला फोन सरकवत बसलो, तर मुलं आपण सांगतो ते ऐकत नाहीत, आपण करतो ते पाहतात. वडगावच्या बायकांनी आधी स्वतःची सवय कबूल केली आणि मगच गावाने भोंगा मानला, हे विसरू नका.

तेव्हा मित्रांनो, येत्या सोमवारी वर्गात हा विषय काढाच. करार पहिल्याच दिवशी नीट पाळला जाईल असं नाही. कुणीतरी चोरून फोन पाहील, कुणी कुरकुरेल. पंधरा दिवस चालवून पाहा, मग पुन्हा सभा घ्या आणि जमलं नाही ते बदला. आणि हो, या पंधरा दिवसांत गणिताच्या तासाची चौथी पायरी कितीजणांना कळली, ते मोजायला विसरू नका हं!